वाटण्यासाठी केलेलं ताट

दोदोल करायचा तर चूल सकाळीच पेटवावी लागते. तांब्याच्या मोठ्या काहिलीत तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं आणि ढवळायला लागायचं. पहिला तासभर काही विशेष घडत नाही. मग पिठातला स्टार्च फुगतो, मिश्रण दाटतं, उलथणं जड होत जातं आणि हात बदलावे लागतात. आई थकली की मावशी, मावशी थकली की घरातला धाकटा भाऊ. थांबायची सोय नसते, कारण क्षणभर थांबलं तरी बूड लागतं आणि सगळ्या काहिलीला करपट वास येतो. पाणी उडत जातं तशी नारळाच्या दुधात विरघळल्यासारखी वाटणारी चरबी वेगळी होऊ लागते. कडेनं तेल सुटलं आणि गोळा भांड्याला चिकटेनासा झाला, की दोदोल झाला. मग काजू घालून तो ताटात ओततात, थापतात आणि गार झाल्यावर कापतात.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी जे गोड पदार्थ होतात, त्यांतला हा सर्वांत कष्टाचा. आणि नेमका हाच पदार्थ घराबाहेर सर्वाधिक जातो. हे ध्यानात आलं की नाताळच्या सगळ्या स्वयंपाकाची रचना उलगडायला लागते. गोव्यात कोंसुआदा आणि मंगळूरच्या कोंकणी ख्रिस्ती घरांत कुस्वार म्हणून जे पदार्थ एकत्र मांडले जातात, त्यांत दोदोलाशिवाय नेवऱ्या असतात, कुलकुलं असतात, हरभऱ्याच्या डाळीची दोस, पेरूची वडी, बेबिंका, रवा-खोबऱ्याचा बातिक, उकड्या तांदळाचं पीठ आणि गूळ यांचा पिनाग असतो. हे सगळं एका ताटात मांडून, वर विणकामाचा रुमाल टाकून शेजारीपाजारी, नातलग, ओळखीपाळखीच्या घरी पाठवलं जातं. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं तिथे गोडधोड होत नाही. म्हणून त्या घरी ताट आठवणीनं आणि आधी जातं. आपल्याकडे दिवाळीत दुःखातल्या घरी शेजारी फराळ नेऊन देतात, तीच ही रीत.

माझं म्हणणं असं, की या ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ वाटायचा आहे म्हणूनच तसा झाला आहे. ताट दहा-बारा घरी जायचं, तर ते एका दिवसात करून होत नाही. आठवडाभर आधी सुरुवात करावी लागते. म्हणजे पहिल्या दिवशी केलेला पदार्थ शेवटच्या दिवशीही चांगला राहिला पाहिजे. फ्रिज नसलेल्या काळात, समुद्रकाठच्या दमट हवेत, हे साधायचे मार्ग मोजकेच: पाणी आटवायचं, साखर भरपूर घालायची, तळायचं किंवा भाजायचं, किंवा आंबट पदार्थात मुरवायचं. दोदोलात पहिले दोन मार्ग एकदम वापरलेले आहेत. बहुतेक पाणी उडून गेलेलं असतं, आणि जे उरतं त्याला गुळानं असं धरून ठेवलेलं असतं की बुरशीला आणि जंतूंना ते मिळतच नाही. म्हणून दोदोल कित्येक दिवस बाहेर राहतो.

मराठी वाचकाला हे ताट परकं वाटणार नाही. नेवरी म्हणजे करंजीच. दक्षिण कोकणात आणि गोव्यातल्या हिंदू घरांत चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नेवऱ्या होतातच. ख्रिस्ती घरातल्या नेवरीत ओलं किंवा सुकं खोबरं, साखर, वेलची, तीळ किंवा रवा, मनुका आणि काजू असं सारण असतं. कडा मुरडायच्या किंवा कातणानं कापायच्या. मंगळूरच्या कुस्वारात तर चकली आणि शंकरपाळ्याची भावंडं शोभतील अशा तुकड्याही असतात. ज्या हातांनी हे पदार्थ केले त्या हातांचा धर्म बदलला, तरी हातांना येत होतं ते येतच राहिलं.

ते सहज राहिलं असं मात्र समजू नये. गोवा 1510 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला आणि 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं. नवख्रिस्ती लोकांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत यावर त्याची नजर असे. 1736 च्या एका हुकुमात लग्नातल्या विधींपासून पेहरावापर्यंत अनेक गोष्टींना बंदी केली आहे, आणि त्यात चक्क भाताचाही उल्लेख आहे: हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घेऊ नये. सत्ता माणसाच्या चुलीपर्यंत किती आत येऊ शकते हे त्या एका कलमावरून कळतं. धर्मन्यायालय 1812 मध्ये कायमचं बंद झालं. एवढ्या काळात नेवरी टिकली कशी? मला वाटतं, ती सण बदलून टिकली. चवथीची नेवरी करणं संशयास्पद होतं. तीच नेवरी नाताळात केली तर बोट ठेवायला जागा नव्हती. बायकांनी हे ठरवून केलं असेल की आपसूक घडलं असेल, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पण आज एकाच गावात भाद्रपदात हिंदू घरातून ख्रिस्ती घरी आणि डिसेंबरात ख्रिस्ती घरातून हिंदू घरी तीच नेवरी जाते, ही गोष्ट मला त्या हुकुमापेक्षा मोठी वाटते.

गंमत म्हणजे पोर्तुगालमध्येही नाताळात अर्धचंद्राच्या आकाराचा एक तळलेला पदार्थ करतात. त्याचं नाव अझेविया. आत काबुली चण्याचं किंवा रताळ्याचं गोड सारण. गोव्यात आलेल्या पोर्तुगीज कुटुंबांना नेवरी पाहून आपल्या घरची आठवण झाली असेल तर नवल नाही.

पोर्तुगालहून गोव्यात पदार्थांपेक्षा पद्धती जास्त आल्या. तिथलं साहित्य इथे मिळत नव्हतं, म्हणून प्रत्येक कृतीत बदली माणूस शोधावा लागला. तिकडे मार्झिपान बदामाचं, इकडे ते काजूचं झालं. काजूही मूळचा इथला नाही, तो पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आणलेला. पण कोकणच्या डोंगरात तो असा रुजला की बदामाची उणीव भासली नाही. तिकडे मार्मेलादा नावाची घट्ट वडी क्विन्स या फळाची करतात. ते फळ इथे होत नाही, म्हणून पेरू आला. पेरूच्या गरात पेक्टिन भरपूर असतं. साखर आणि थोडी आंबटाई मिळाली आणि पाणी पुरेसं आटलं की पेक्टिनचे धागे एकमेकांत गुंततात आणि गर आपोआप वडीसारखा आळतो. लालसर, चिवट, सुरीनं कापता येणारी ती पेराद. हिवाळ्यात पेरूचा हंगाम असतोच, त्यामुळे नाताळच्या वेळेला फळही हाताशी. दोस नावाच्या वडीत तिकडच्या चण्याऐवजी आपली हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, खोबरं आणि साखर घालून आटवतात. पुरण जमणाऱ्या बाईला हे काय नवीन? शंकरपाळ्यासारखे चौकोन कापले की झालं.

बेबिंकेची गोष्ट निराळी. तिच्यासाठी साधीच सामग्री लागते: नारळाचं दाट दूध, साखर, अंड्यातला पिवळा बलक, थोडा मैदा, जायफळ आणि तूप. सगळी किमया थरांत आहे. भांड्यात आधी तूप, त्यावर मिश्रणाचा पातळ थर. पारंपरिक पद्धतीत वरच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे आणि करवंट्यांचे निखारे ठेवतात, म्हणजे उष्णता वरून लागते. बलकातली प्रथिनं गोठून थर बसतो आणि वरची बाजू तपकिरी होते. मग झाकण काढायचं, चमचाभर तूप सोडायचं, पुढचा थर ओतायचा, पुन्हा झाकण, पुन्हा निखारे. आधीचा थर नीट भाजला नसेल तर पुढचा त्यात मिसळून जातो. जास्त भाजला तर तो कडू होतो. तुपामुळे थर एकमेकांना धरूनही राहतात आणि सुटेही होतात. किमान सात थर हवेत असं म्हणतात, आणि सोळापर्यंत जाणाऱ्याही आहेत. एका बेबिंकेला अख्खी दुपार जाते. तुकडा कापल्यावर फिकट आणि गडद पट्ट्या एकाआड एक दिसतात, त्यावरून करणारीचा धीर कळतो.

जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीनं ती प्रथम केली, अशी एक आख्यायिका गोव्यात सांगतात. ती खरी असो वा नसो, मठाशी असलेलं नातं समजण्याजोगं आहे. पोर्तुगालमधल्या मठांत अंड्याच्या पांढऱ्याचा उपयोग कपड्यांना खळ देण्यासाठी आणि वाइन नितळ करण्यासाठी होई. उरलेल्या बलकांचं करायचं काय, या प्रश्नातून तिथल्या कितीतरी मिठाया जन्मल्या. दुसरीकडे पाहिलं तर फिलिपीन्समध्येही बिबिंगका नावाचा तांदळाचा केक आहे. तोही वरून-खालून निखारे ठेवून भाजतात, आणि 16 डिसेंबरपासून नाताळपर्यंत पहाटेच्या प्रार्थना चालतात तेव्हा चर्चबाहेर गरमागरम विकतात. नारळ, निखारे आणि नाताळ तिन्ही जुळतात, पण तो थरांचा नसतो. दोदोल तर मलेशिया, इंडोनेशिया, श्रीलंका सगळीकडे आहे. हिंदी महासागरात जहाजं फिरत होती आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकीही. गोव्याच्या बेबिंकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला आनंद आहे. कारण तूप कमी करून, थर जाड करून घाईनं भाजलेली बेबिंका आता दुकानोदुकानी दिसते.

हे झालं गोडाचं. 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीची मिस्सा झाली की नाताळ सुरू होतो, आणि 25 च्या जेवणात सोरपोतेल नसेल तर ते जेवण अपुरं. डुकराचं मांस, काळीज वगैरे उकडून अगदी बारीक चिरायचं, तळायचं आणि मसाला व व्हिनेगरमध्ये शिजवायचं. सारापातेल नावाचा त्याचा पूर्वज पोर्तुगालच्या आलेंतेझु भागातला, आणि त्याची एक शाखा ब्राझीलच्या ईशान्येतही आहे. गोव्यात त्याला माडाचं व्हिनेगर आणि मिरची मिळाली. हा पदार्थ तीन-चार दिवस आधीच करून ठेवतात आणि रोज एक उकळी देतात. व्हिनेगरमुळे आम्लता वाढते, जंतूंची वाढ मंदावते, आणि मसाला बारीक तुकड्यांत मुरत जातो. म्हणून पहिल्या दिवशीपेक्षा चौथ्या दिवशी सोरपोतेल चांगलं लागतं. गोव्याच्या बायका हे अनुभवानं जाणतात, आणि पाहुण्यांच्या दिवशी ते बरोबर तयार होईल असा हिशेब करूनच चुलीवर चढवतात.

विंदालूची मुळंही नाताळातच सापडतात. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर आजही नाताळचा खास पदार्थ म्हणजे वाइन आणि लसणीत काही दिवस मुरवलेलं डुकराचं मांस. समुद्रप्रवासात मांस टिकवण्याची ही जुनी युक्ती. गोव्यात द्राक्षं नव्हती, पण माड होते. माडी, गोव्यात जिला सूर म्हणतात, आंबवून व्हिनेगर केलं, अमेरिकेतून आलेली मिरची वाटून घातली, आणि मदेइराच्या जेवणाचं विंदालू झालं. याच माडीनं आणखी एक काम केलं. माडीत नैसर्गिक यीस्ट असतं. दळलेल्या तांदळात आणि नारळात ती मिसळली की पीठ फुगतं आणि वाफवल्यावर मऊ, किंचित गोडसर सान्ना होतात. सोरपोतेलाचा रस्सा टिपायला सान्नांसारखं दुसरं काही नाही. एकाच झाडानं खोबरं, दूध, गूळ, व्हिनेगर, यीस्ट आणि निखाऱ्यांसाठी करवंट्या पुरवल्या. गोव्याचा नाताळ माडाच्या आधारानं उभा आहे, हे अतिशयोक्त वाटेल, पण स्वयंपाकघरात उभं राहून मोजलं तर पटेल.

उत्तरेला वसई, साष्टी आणि मुंबईकडे आलं की ताट बदलतं, आणि त्याला इतिहासाचं कारण आहे. वसई पोर्तुगिजांकडे 1534 मध्ये गेली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. म्हणजे पोर्तुगीज संबंध इथे साधारण दोनशे वर्षांत तुटला, तर गोव्यात तो 1961 पर्यंत, साडेचारशे वर्षं राहिला. वसईचे आणि मुंबई बेटांवरचे ख्रिस्ती शेतकरी, कोळी, बागायतदार मागे राहिले. ते मराठीच्या बोलींतच बोलत राहिले, लग्नात मराठी गाणी म्हणत राहिले. त्यांतल्या मोठ्या समाजानं 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, इतकं इथल्या ख्रिस्ती लोकांचं आणि मराठीचं नातं जवळचं. ईस्ट इंडियनांच्या नाताळच्या ताटात सर्वांत मानाचे फुगे. मैदा, नारळाचं दूध, अंडी असं सैल पीठ पूर्वी माडीनं आंबवत, आता यीस्टनं. मग ते मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून दाबायचं आणि बाहेर आलेला गोळा तापल्या तेलात सोडायचा. तो गोल फुगतो. आतून पोकळ, किंचित गोड. सोरपोतेलाबरोबर किंवा इंद्यालबरोबर, म्हणजे त्यांच्या विंदालूबरोबर, फुगे खातात.

या सगळ्या रश्श्यांचा जीव म्हणजे बॉटल मसाला. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वीसहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून, उखळात कुटून तो करायचा आणि दाबून भरायचा तो गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत, म्हणजे उजेडानं रंग आणि वास उडत नाही. डिसेंबरच्या जेवणाची तयारी अशी सात-आठ महिने आधी उन्हाळ्यात होते. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते सहसा मुलीला किंवा सुनेलाच सांगितलं जातं. गोडात रवा, खोबरं आणि अंड्याचा पांढरा घालून ताटातच भाजलेलं ‘थाळी स्वीट’, दुधाच्या आटीव मिश्रणाच्या साच्यातून काढलेल्या ‘मिल्क क्रीम’ आणि काजूचं मार्झिपान.

कुलकुलं मात्र दोन्हीकडे आहेत, आणि कुटुंब एकत्र आणण्यात त्यांच्याइतकं दुसरं काही नाही. मैद्याच्या किंवा रव्याच्या नारळदुधात भिजवलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा खास ठेवलेल्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायच्या. रेघा उमटतात, गोळी आत वळते. या रेघांनी तेलाला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि गुंडाळी पातळ असल्यामुळे कुलकुल आतपर्यंत कुरकुरीत होतं. पण एक किलो पिठाची कुलकुलं एकट्यानं करायची म्हणजे रात्र संपते. म्हणून जेवणाच्या टेबलाभोवती आजी, आत्या, मुलं, सुट्टीवर आलेला काका सगळे बसतात. पाचेक वर्षांच्या मुलाचं कुलकुल वेडंवाकडं होतं आणि तेही तळलं जातं. मला वाटतं घरातला स्वयंपाक मुलांपर्यंत पोचतो तो असा, हात पिठात गेल्यावर.

फळांचा केक या ताटात इंग्रजांकडून आला, पोर्तुगिजांकडून नव्हे. भारतातल्या नाताळच्या केकची एक प्रसिद्ध हकीकत केरळच्या तलश्शेरीची आहे. 1883 मध्ये माम्बळ्ळी बापू यांनी मर्डोक ब्राउन या मळेवाल्यासाठी तिथे केक भाजला, असं सांगतात. मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांत मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल रममध्ये कित्येक आठवडे आधी भिजत घालतात. घरी ओव्हन नसायचा तेव्हा मिश्रण घरीच फेटून, साच्यात भरून शेजारच्या बेकरीच्या भट्टीत नेत आणि आपल्या साच्यावर नावाची चिठ्ठी लावत.

आज कोंसुआदा विकत मिळते, आणि नोकरी करणाऱ्या बाईनं ती विकत घेतली तर तिला बोल लावायचं काही कारण नाही. मला खरी काळजी माडाची वाटते. माडावर चढून माडी काढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत, त्यामुळे माडाचा गूळ मिळणं अवघड आणि महाग झालं आहे. तो नसला की लोक दोदोलात उसाचा गूळ घालतात. रंग साधतो, पण माडाच्या गुळाची ती धुरकट, किंचित खारट चव येत नाही. पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडमध्ये गेलेली गोंयकार कुटुंबं आता स्विंडनसारख्या गावात राहतात. तिथल्या स्वयंपाकघरात डबाबंद नारळदुधाची बेबिंका होते आणि नॉनस्टिक कढईत दोदोल ढवळला जातो. बदामाच्या जागी काजू घेणाऱ्यांची ही नातवंडं, त्यांनी पुन्हा एकदा हाताशी असेल ते घेतलं आहे.

या नाताळात तुमच्याकडे असं ताट आलं, आणि घरात कुणी अंडं खात नसेल, तर दोदोल, दोस, पेराद, पिनाग आणि नेवरी सहसा बिनअंड्याची असतात. बेबिंका, बातिक आणि केक यांत अंडं असतंच. कुलकुलांत काही घरी घालतात, काही घरी नाही, तेव्हा विचारून घ्यावं. देणारीला या प्रश्नाचं वाईट वाटत नाही. शेजारच्या कुणाकडे काय चालतं हे ध्यानात ठेवून ताटं वेगवेगळी लावणाऱ्या कितीतरी जणी आहेत. दोदोल फ्रिजमध्ये ठेवू नका. नारळाचं तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं आणि तांदळाचा स्टार्चही थंडीत ताठरतो, त्यामुळे तो दगडासारखा होतो. झाकून बाहेरच ठेवला तर आठवडाभर उत्तम राहील. बेबिंका मात्र दोन-तीन दिवसांनी फ्रिजमध्ये गेलेली बरी, आणि खाण्यापूर्वी तव्यावर किंचित गरम करून घ्यावी, म्हणजे तूप सैल होऊन थर पुन्हा सुटे होतात.